काळ्या पिशव्यांचं पुष्पचक्र

एका धडधाकट माणसाच्या घरी मी दुखवट्याचं पिठलं घेऊन गेले होते, आणि दार त्यानेच उघडलं.

सांगून टाकलं एकदाचं. आता पुढचं सांगायला हरकत नाही. तशी ही गोष्ट आमच्या रस्त्यावरच्या जुन्या घरांना पाठ आहे, आणि नव्याने राहायला आलेल्यांना ती मीच सांगते, कारण दुसऱ्या कुणी सांगितली तर त्यात मी आणखी बावळट दिसते.

तेव्हा मी नवी नवरी होते. कॅनडातल्या विंडसरमधला माझा तो पहिला ऑक्टोबर. पुण्याहून येताना मी दोन गोष्टी भरपूर आणल्या होत्या, पोह्याचे पापड आणि आत्मविश्वास. पापडांचा विमानात चुरा झाला. आत्मविश्वासाला ओरखडाही आला नव्हता. आमचे हे मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. सकाळी डबा घेऊन जायचे ते अंधार पडता यायचे. दिवसभर मी, खिडकी आणि खिडकीतून दिसणारं शेजारचं घर. त्या घरातल्या माणसांशी मी अजून एक शब्दही बोलले नव्हते, पण त्यांच्याबद्दल आपल्याला सगळं कळतं अशी माझी खात्री होती. खिडकीत बसणाऱ्या बाईला असं वाटतंच.

त्या घरात एक आडमाप माणूस राहायचा आणि त्याची चणीने लहान, सोनेरी केसांची बायको. रोज पहाटे तो त्याचा पिकअप ट्रक घुरघुरवत कामाला जायचा. त्या आठवड्यात ट्रक जागचा हलला नाही. पडदे दिवसाही ओढलेले. बायको एकदाच कचरा टाकायला बाहेर आली आणि डोळे पुसत आत गेली. माझ्या मनात पाल चुकचुकली. आणि एका सकाळी त्यांच्या दारावर ते दिसलं: काळं, गोल, वाऱ्यावर सळसळणारं.

असली गोल वस्तू मी आयुष्यात फक्त वर्तमानपत्रात पाहिली होती. मोठा माणूस गेला की कुणीतरी गंभीर चेहऱ्याने ती त्याच्यापाशी ठेवतं आणि फोटोखाली लिहिलेलं असतं, 'पुष्पचक्र अर्पण करताना'. त्यातून हे तर काळं. भरीला भर म्हणून हिरवळीवर एक थडग्याचा दगडही उभा. तो पुठ्ठ्याचा होता, पण खिडकीतून ते कसं कळणार? मला वाटलं, इथे अंगणातच पुरतात की काय! मग म्हटलं, म्हणूनच यांची अंगणं एवढी मोठी असतात.

हसा खुशाल. मीही हसते. पण तेव्हाच्या त्या बाईसाहेबांना आपल्या तर्कशक्तीचा कोण अभिमान वाटला होता! मी ह्यांना कारखान्यात फोन लावला.

"अहो, शेजारचे गेले."

"कुठे?"

"अहो, गेले म्हणजे वारले."

"अरेरे. कोण म्हणालं?"

"म्हणायला कशाला पाहिजे? दारावर लावलंय!"

मागे यंत्रांचा धडधडाट चालला होता. "संध्याकाळी बघू," म्हणाले आणि फोन ठेवला.

संध्याकाळी बघू! आमच्याकडे ज्या घरात माणूस जातं तिथे त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारून पिठलं-भात जातो. त्याला निरोप लागत नाही की आमंत्रण लागत नाही. न्यायचं, ठेवायचं, घटकाभर गप्प बसायचं, आणि निघताना 'येते' म्हणायचं नाही, कारण अशा कारणासाठी पुन्हा यायची वेळ येऊ नये. माझ्या आईला मी हे कितीदा करताना पाहिलं होतं. आता शेजारीण मीच होते. दुसरं कोण नेणार?

डाळीचं पीठ तेव्हा विंडसरमध्ये सहज मिळायचं नाही. नदीपलीकडे डेट्रॉइटला कुणी गेलं तर आणायचं, आणि आणलेलं दागिन्यासारखं जपायचं. मी सगळा डबा उपडा केला. हिरव्या मिरच्या नव्हत्या, लाल तिखट घातलं. कोथिंबीर नव्हती, तिची फक्त आठवण काढली. हिंगाची फोडणी दिली, गुठळ्या होऊ न देता पीठ घाटलं, झाकण ठेवून वाफ आणली. मग नेसायचं काय? पिवळ्या-गुलाबी साड्या नेसून असं जाता येत नाही. पांढऱ्या व्हॉइलची एक साडी होती, बारीक राखाडी काठाची, ती नेसले. डोक्यावरून पदर घेतला. कपाळाला टिकली लावली नाही. पायात मोजे घालायची अक्कल अजून आलेली नव्हती, त्यामुळे त्यांचं फाटक येईपर्यंत माझे पाय निळे पडले होते आणि हातातल्या पातेल्यातून वाफा निघत होत्या.

तारीख ऑक्टोबरची एकतीस होती. इथे त्या दिवशी काय असतं हे मला ह्यांनी सांगितलं नव्हतं. पुढे मी त्यांना त्यावरून जन्मभर बोलून घेतलं, पण त्यांचं आपलं एकच उत्तर: "तू विचारलं नाहीस."

घंटी वाजवली. दार उघडलं आणि दारात मयत उभं. अंगात बनियन, एका हातात अर्धं खाल्लेलं सँडविच. 

मी त्याच्याकडे बघतच राहिले. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याचा चेहरा असा काही फुलला, की बस! मान मागे वळवून तो आत ओरडला, "हनी, यंदा लवकर सुरू झालं! भूत आलंय दारात! आणि काय सुंदर भूत आहे, वाफा निघतायत त्यातून!" आणि शेजारच्या वाडग्यातला एक चॉकलेट बार उचलून त्याने माझ्या पातेल्याच्या झाकणावर ठेवला.

माझं डोकं पार रिकामं झालं होतं. त्यात येताना रस्त्यात घोकलेलं एकच इंग्रजी वाक्य शिल्लक होतं. तेच तोंडातून बाहेर पडलं. "आय अ‍ॅम सॉरी फॉर युवर लॉस."

"लॉस?" तो म्हणाला. "व्हॉट लॉस?"

मी त्याच्याकडे बोट दाखवलं. "यू."

तेवढ्यात त्याची बायको आली. डोळे लाल, पुन्हा पुसत होती. पानगळीच्या दिवसांत तिला ओल्या पानांची अ‍ॅलर्जी होते, आजही होते. तिच्या स्वेटरला काळ्या प्लास्टिकचे तुकडे चिकटले होते. तिने माझ्याकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं, माझ्या निळ्या पायांकडे पाहिलं, आणि काही न विचारता मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं. तिथे टेबलावर कात्री, कचऱ्याच्या काळ्या पिशव्या आणि त्या पिशव्यांच्या कापलेल्या पट्ट्यांचा ढीग पडला होता. मागच्या दारासाठी ती आणखी एक पुष्पचक्र बनवत होती.

मला सगळं समजायला दोन कप चहा लागला: आज हॅलोविन, घरं भीतिदायक सजवायची, संध्याकाळी पोरं भुतांचे वेश करून चॉकलेट मागत येणार. (ती सगळं इंग्रजीत बोलली, बोलते. मी इथे मराठीत लिहितेय, कारण इतक्या वर्षांनी माझ्या कानात ते मराठीतच वाजतं.) तिच्या नवऱ्याच्या कारखान्यात ले-ऑफ चालू होता, माणसं कमी करत होते. नवरा घरी बसला होता, दुपारपर्यंत झोपायचा, म्हणून ट्रक जागेवर आणि पडदे ओढलेले. विकतची सजावट त्या वर्षी परवडणारी नव्हती. म्हणून कपड्यांच्या हँगरची तार, कचऱ्याच्या पिशव्या आणि पुठ्ठ्याचं थडगं.

मग मी माझी बाजू सांगितली. मोडक्या इंग्रजीत, हातवारे करत. गोल म्हणजे गेलेला माणूस. गेलेला माणूस म्हणजे चूल बंद. चूल बंद म्हणजे पिठलं. तिला आधी हसू आवरेना. टेबलावर डोकं टेकून हसली. मी रडायच्या बेतात. मग ती अचानक हसायची थांबली.

"म्हणजे तू मला ओळखतही नव्हतीस," ती म्हणाली, "आणि मी उपाशी असेन म्हणून आलीस?"

"असंच असतं," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

आमचं हे चाललेलं असताना मयताने झाकण काढलं होतं आणि पातेल्यात चमचा घातला होता. उभ्या उभ्याच खात होता. तिखटाने नाक लाल झालं, डोळ्यांत पाणी आलं, तरी थांबेना. पातेलं खरवडता खरवडता मला म्हणाला, "भुता, ऐक. मी खरंच मेलो की हेच आणायचं. आणि जास्त आण."

त्याच दुपारी मी रीथ, म्हणजे ते दारावरचं पुष्पचक्र, करायला शिकले. तसं त्यात शिकण्यासारखं फारसं नाही. तारेचा हँगर घ्यायचा, तो ओढून ताणून गोल करायचा. कचऱ्याच्या पिशव्या उभ्या कापून वीतभर लांबीच्या पट्ट्या करायच्या. एकेक पट्टी तारेवर अडकवून गाठ मारायची आणि शेजारच्या गाठीला खेटवत जायचं, तार दिसेनाशी होईपर्यंत. मग टोकं फिसकारायची. वाटलं तर नारिंगी कापडाचा एक बो. संपलं. माझ्यासाठी तार त्या दांडग्याने वाकवून दिली, कारखान्यातली पक्कड घेऊन. मोटारींचे दरवाजे जोडणारा माणूस, पण गोल काही त्याला जमला नाही. बटाट्यासारखा आकार झाला. "हँडमेड," तो ऐटीत म्हणाला.

तिच्या गाठी मात्र सैल पडत होत्या, सारख्या सरकायच्या. ते माझ्याने बघवेना. मी शिवणाचा दोरा मागितला आणि गजरा गुंफतात तशी, दोऱ्याचा फास घालून, पट्टीला पट्टी आवळत गेले. माझ्या बोटांना तेवढं एक येत होतं. शाळेत असताना दर शुक्रवारी आईसाठी गजरा मीच करायचे. अबोलीच्या जागी कचऱ्याची पिशवी, एवढाच काय तो फरक. शेजारीण माझ्या बोटांकडे टक लावून बघत बसली. मग तिने तिची अर्धी झालेली पट्ट्यांची माळ सोडली आणि म्हणाली, "पुन्हा दाखव. सावकाश." तेव्हापासून आमच्या रस्त्यावर ही दोनच रीथ अशी आहेत की नोव्हेंबरच्या वाऱ्यातही त्यांचं केसाएवढं नुकसान होत नाही.

संध्याकाळी हे घरी आले तेव्हा आमच्या दारावर काळं पुष्पचक्र होतं. दारातच थबकले बिचारे. आतून माझा आवाज आला, "घाबरू नका, मी जिवंत आहे," तेव्हा कुठे बूट काढले.

पुढची सगळी वर्षं तो आमच्या दोन घरांचा सण झाला. दर ऑक्टोबरच्या सुरुवातीला जुनी तार बाहेर काढून आम्ही दोघी पट्ट्या नव्याने गुंफायचो, आणि एकतीसला दुपारी मी पिठलं-भात घेऊन जायचे. दार तो उघडायचा. "हनी, भूत आलं!" मग पातेल्याचं झाकण उघडून वास घ्यायचा आणि म्हणायचा, "अजून मेलो नाही, तरी आणलंस. चांगलं आहे." मला नावाने त्याने कधी हाक मारली नाही. आमची मुलं शाळेतून यायची तर तोच त्यांच्या पाठीवर थाप मारायचा, भुताची पोरं म्हणून. आणि आम्ही दोघं नवरा-बायको आपसांत त्याला कैलासवासी म्हणायचो. "अगं, कैलासवासी गवत कापतायत, खिडकी लाव." "अहो, बर्फ फार पडलंय, कैलासवासींना शोव्हलने ते उपसायला मदत करा जरा." मराठी येणारं तिसरं माणूस त्या रस्त्यावर नव्हतं, त्यामुळे आमचा तो बिनधास्त विनोद होता.

गेल्या फेब्रुवारीत तो खरंच गेला. झोपेत. सकाळी शेजारणीचा फोन आला. ह्यांनी फोन ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं, पण त्यांना कोणत्या नावाने सांगावं तेच कळेना. शेवटी म्हणाले, "शेजारचे गेले."

मी "कुठे?" असं विचारलं नाही.

ह्यांनी नंतर विचारलं, "पिठलं करतेस ना?" आणि आता ऐका, सत्तरी उलटलेली बाई, नातवंडांची आजी, काय म्हणाली असेल? "शोभेल का?" म्हणाली. "सगळे नातेवाईक जमले असतील, त्यात मी पिठलं घेऊन? त्याच्यावरून एवढे हसलोय आपण. रडत्या घरात तो विनोद कसा न्यायचा? लोक काय म्हणतील?" पन्नासेक वर्षांपूर्वी परक्या देशात, परक्या दारात, मोज्यांविना उभी राहताना त्या बावळट पोरीला लोक आठवले नव्हते. आणि इतकी वर्षं तिची टिंगल करत आलेली मी शहाणी, ग्रोसरीच्या दुकानातून लेमन लोफ, विकतचा लिंबाचा केक, घेऊन गेले. पारदर्शक डब्यातला. किमतीचं स्टिकर नखाने खरवडून काढलेला.

शेजारणीच्या टेबलावर तसे आणखी बरेच डबे होते. तिने माझा लोफ हातात घेतला, त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, थँक यू म्हणाली आणि इतर डब्यांवर ठेवून दिला.

तेव्हापासून तिचं दार मला बंद झालं. भांडण नाही, काही नाही. मी घंटी वाजवली की दार थोडं उघडायचं. "आज नको, हनी. नंतर." वसंत गेला, उन्हाळा गेला, हे 'नंतर' काही येईना. मी स्वतःची समजूत घालायचे, दुःख आहे, वेळ लागतो. पण कुंपणापलीकडून ती दुसऱ्या बायकांशी बोलताना दिसायची. पोस्टमनशी हसतानाही दिसली.  इथल्या माझ्या आयुष्यात मुलं मोठी होऊन टोरंटोकडे गेली, ह्यांच्या ऑफिसातली माणसं पांगली, दर शनिवारी भेटणारी मराठी मंडळी एकेक करून कॉन्डोत नाहीतर मुलांकडे राहायला गेली. शेजारीण तेवढी होती. कुठे जाणार नाही असं मी गृहीत धरलेली. आणि ती कुंपणापलीकडेच असून गेली होती.

यंदा ऑक्टोबर अर्धा सरला तरी तिच्या दारावरचा खिळा रिकामा होता. रस्त्यावरच्या एकीला तिने सांगितलं म्हणे, हॅलोविनला पोर्चचा दिवाही लावणार नाही. इथे दिवा बंद म्हणजे या घरी येऊ नका. पोरंसोरं ते पाळतात. मोठ्यांनीही पाळायचं असतं.

आता आमच्या बेसमेंटमध्ये नात राहते. इथल्या युनिव्हर्सिटीत शिकते, केस अर्धे जांभळे आहेत, आणि माझ्या हातचं खाते म्हणून तिचं सगळं माफ आहे. परवा ती फोन नाचवत वर आली. "आजी, लुक. हे रीथ बघ. सो क्यूट. बट इतके पैसे! फॉर प्लास्टिक!"

मी चष्मा लावून बघितलं. कचऱ्याच्या पिशव्यांसारखंच काहीतरी, पण त्यावर चकचकीत कोळी. "हे मी तुला फुकटात करून देते," मी म्हणाले. "हँगर आण."

"यू? रीथ? आजी, सीरियसली?"

"तुझ्या आईचा जन्म व्हायच्या आधीपासून करतेय मी. आण."

पण आजकाल घरात तारेचे हँगर कुठे राहिलेत! सगळे प्लास्टिकचे, नाहीतर मखमल लावलेले. ती ड्राय-क्लीनरकडून एक मागून घेऊन आली आणि तो गोल करता करता तिची नखं मोडली. मग मी तिला बेसमेंटमधल्या कपाटाच्या तळातून माझी जुनी तार काढायला लावली. गंजलेली, बटाट्यासारखी.

"हे गोल नाहीये," ती म्हणाली.

"हँडमेड आहे."

पिशव्या घरात होत्याच. त्याशिवाय माझे दोन जुने काळे परकर निघाले, नाडी तुटलेले. परकराचं कापड पिशवीपेक्षा छान फिसकारतं, हे मला या वयात कळलं. हे खुर्चीत बसून वर्तमानपत्राआडून आमच्याकडे बघत होते. नातीच्या गाठी सैल. तिला गजऱ्याचा फास दाखवला. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा तिच्या बोटांत बसला, आणि मग ती माझ्यापेक्षा भराभर करायला लागली. हात चालू असताना तिला पिठल्याची गोष्ट पुन्हा हवी होती. मी सांगितली. मयत, सँडविच, "यू". ती कार्पेटवर लोळून हसली. मग उठून बसली.

"वेट. मग फेब्रुवारीत, ते अ‍ॅक्चुअली डाइड, तेव्हा तू पिठलं नेलंस ना?"

"परकर सरळ काप," मी म्हणाले. "तिरका जातोय."

"आजी."

"तुझी आजी लेमन लोफ घेऊन गेली," वर्तमानपत्राआडून आवाज आला.

पोरीने कात्री खाली ठेवली. नुसती माझ्याकडे बघत राहिली. त्या बघण्याला कोणतीच भाषा नव्हती, पण मला नीट समजलं. मी माझ्या गाठींत मान घातली. रीथ पुरं झालं तेव्हा तिने ते उंच धरलं, डावीकडून, उजवीकडून पाहिलं आणि म्हणाली, "हे माझं नाहीये. हे त्यांचं आहे. मी दुसरं करते. तू जा."

"ती दार उघडत नाही."

"मग दारावर लटकव अँड रन. हॅलोविन आहे, इट्स अलाउड."

एकतीस तारखेला दुपारी मी निघाले. मोजे, बूट, कोट, मफलर, सगळं घालून; अक्कल आली आहे आता. ह्यांनी दार उघडून धरलं आणि एवढंच म्हणाले, "टिकली राहू दे." शेजारणीच्या पायऱ्यांवर पानांचा खच पडला होता. एरवी तो कैलासवासी झाडायचा. मी पानं पायाने बाजूला सारत वर गेले. घंटी वाजवायची नाही असं ठरवलं होतं. रिकाम्या खिळ्यावर रीथ अडकवायचं आणि पळायचं. पण माझे गुडघे आणि पळणं यांचं आता फारसं जमत नाही. अडकवून सरळ करत होते तोच दार आतून उघडलं, आणि रीथ, मी आणि माझा मफलर असे सगळे तिच्या अंगावर गेलो.

तिचे डोळे लाल होते. पानगळ. अ‍ॅलर्जी. असेलही.

तिने रीथ खिळ्यावरून काढून हातात घेतलं. पट्ट्या बाजूला करून बोटांनी आतली तार चाचपली, जिथे ती वेडीवाकडी वळते तिथे अंगठा थांबला.

"त्याची आहे," ती म्हणाली.

"बटाटा," मी म्हणाले.

तिला हसू फुटलं. नाकातून, अनिच्छेने, पण फुटलं. "आयुष्यात एक वर्तुळ धड काढलं नाही त्याने." मग परकराच्या पट्टीचं टोक बोटांत धरून तिने विचारलं, हे काय आहे. मी सांगितलं. "म्हणजे तुझा पेटीकोट माझ्या दारावर?" ती म्हणाली. "त्याला फार आवडलं असतं." आणि तिने ते पुन्हा खिळ्यावर लावलं, दोन पावलं मागे सरून बघितलं, डावीकडे जरा ओढलं.

आम्ही दोघी दारात उभ्या. मधे उंबरठा. मला खूप बोलायचं होतं, आणि बोलायला लागले की ते सगळं सॉरी फॉर युवर लॉससारखंच बाहेर पडणार हेही माहीत होतं. ती आत ये म्हणाली नाही. मग मी मफलर आवळला आणि सवयीने, नेहमी तिच्या दारात म्हणते तसं मराठीत म्हणाले, "येते."

"थांब," ती म्हणाली. "फेब्रुवारीपासून मला तुला एक विचारायचंय."

मी पायरीवर थांबले. तिने दोन्ही हात कमरेवर ठेवले, आणि मग जे बोलली ते असं:

"तो मेला नव्हता तेव्हा पातेलंभर घेऊन आलीस, आणि खरंच मेला तेव्हा लेमन लोफ? घरभर केक पडले होते आणि मी उपाशी बसून तुझी वाट बघत होते. जा, करून आण. जास्त आण, तो म्हणाला होता ना तसं. मी पोर्चचा दिवा लावून ठेवते."